पोर्चमधली होडी

यंदा धरण पुन्हा भरलं. पेपरात उघडलेल्या दरवाजांचा तोच फोटो, तेच पांढरंशुभ्र पाणी, आणि त्या पाण्याकडे पाठ करून सेल्फी काढणारी तीच माणसं. फोटोखाली काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. पेपरची घडी घातली आणि मागच्या दाराला जाऊन आमचा नळ बघितला. नळ कोरडा. गेलं पाणी शुक्रवारी आलं होतं, आज सोमवार, म्हणजे अजून चार दिवस तरी वाट पाहणं आलं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण कुणी केली मला ठाऊक नाही, पण तो माणूस आमच्या सिडकोतलाच असणार.

तरीही धरण भरलेल्या वर्षाचा हिवाळा आमच्याकडे निराळाच असतो. एरवी दिवाळी सरली की हवेतला ओलावा जातो आणि टाचांना भेगा पडायला लागतात. अशा वर्षी मात्र डिसेंबरातसुद्धा सकाळी ओट्यावरचं फडकं दमट असतं. पेरू गोड निघतात, हरभऱ्याची कोवळी भाजी मिळते, खुलताबादच्या रस्त्याला हुरड्याचे फलक लागतात, आणि डोंगराच्या पायथ्याचे लहानसहान तलाव तुडुंब असतात. माणसं उगाचच एकमेकांशी बरी वागतात. रिक्षावालासुद्धा सुट्टे नाहीत म्हणून भांडत नाही.

असाच एक हिवाळा दोन वर्षांपूर्वी आला होता, आणि तो मी वाया घालवला. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी ते सांगितलंही, पण फार उशिरा.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. तीस वर्षं त्यांनी पाण्याची पातळी मोजली. पट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, फोनवरून वर कळवायचा. कुठल्या दिवशी किती पाणी होतं हे त्यांना तोंडपाठ, पण त्या पाण्यात कधी पाऊल टाकलं का, तर नाही. निवृत्त झाले आणि हॉलमधल्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. सकाळी पेपर आला की धरणाचा आकडा मोठ्यानं वाचायचे. तेवढंच बोलणं. पुढं दिवसभर ‘हं’ आणि ‘राहू दे’. जेवायला वाढू? हं. फिरायला जाताय? राहू दे. मुलगी बंगळूरूहून फोन करायची, तर फोन दोन मिनिटांत माझ्या हातात. डॉक्टरांकडे नेलं. रक्त चांगलं, हृदय चांगलं, साखर तर माझ्यापेक्षा चांगली. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. हा गृहपाठ त्यांना दिला होता की मला, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना जागं ठेवायचं आणि घरी येऊन नवऱ्याला जागं करायचं, असं आठ महिने चाललं होतं. मला फार काही नको होतं. ह्या माणसानं त्या खुर्चीतून उठावं, एवढंच हवं होतं.

होडी घ्यायचं काही आमच्या डोक्यात नव्हतं. आम्ही गेलो होतो गच्चीवरची टाकी घ्यायला. पडेगावच्या रस्त्याला शकीलभाईंचं पत्र्याचं शेड आहे, फायबरच्या टाक्या करतात. पन्नाशी ओलांडलेले, चष्म्याला दोरी बांधलेली, आणि हातांवर रेझिनचे वाळलेले ठिपके, जन्मापासूनचेच असल्यासारखे. तरुणपणी ते कोकणात कुठंतरी बोटी बांधायच्या कामाला होते. टाक्यांवर त्यांचं पोट चालतं आणि होड्यांवर त्यांचा जीव आहे. वर्षाला दोन, फार तर तीन होड्या करतात, त्याही ओळखीतून कुणी विचारत आलं तर.

टाक्यांच्या मागं ती पालथी ठेवलेली होती. पंधरा फूट लांब, मोरपंखी निळी, दोन माणसांची. कॅनो म्हणतात तिला. आमच्या घरात ती आजवर होडीच आहे. मी टाकीच्या झाकणाचा घोळ घालत बसले होते. वळून बघते तर हे तिच्यापाशी उभे, आणि तळावरून हळूहळू तळहात फिरवतायत. आमच्या लेकीच्या पाठीवरून ती तान्ही असताना फिरवायचे तसा.

“ये बेचते क्या?” ह्यांनी विचारलं. आठ महिन्यांत ह्यांनी स्वतःहून कुणाला विचारलेला पहिला प्रश्न होता तो. मी झाकण तिथंच सोडलं.

“बेचता, सर. पन ऐसेच नई बेचता,” शकीलभाई म्हणाले.

त्यांच्या अटी होत्या. पहिली अट, बघितली त्या दिवशी विकायची नाही. घरी जा, दोन वेळा जेवा, मग या. दुसरी अट, या तर दोघं या. तिसरी अट, दोघांनी ती उचलून शेडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची आणि परत आणायची. पन्नास पावलं. किंमत ऐकून मी त्यांच्याच माठातलं पाणी प्यायले, पण अटी ऐकून मला हसू आलं. मुलगी द्यायची असली तरी लोक एवढं बघत नाहीत.

“पानी में तो अकेला मानूस बी चलाता, मॅडम,” ते म्हणाले. “मगर पानी तलक ले जाने कू दो लगते.”

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो आणि उचलली. तशी फार जड नाही, पण लांब आहे, आणि लांब वस्तूचं एक असतं, एका टोकाची घाई दुसऱ्या टोकाला धक्का देते. मी पुढं होते. वीस पावलांत ती दोनदा हातातून निसटायला आली. शकीलभाई टाकीला टेकून बघत होते. “मॅडम, आहिस्ता. शाळा छूटने कू टाइम है अभी.” मला राग आला, कारण ते खरं होतं. मी पाऊल बारीक केलं. मागून ह्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या श्वासाबरोबर चालायला लागले तशी होडी हलायची थांबली. आम्ही दोघं एका चालीनं शेवटचं कधी चाललो होतो हे आठवायचा मी प्रयत्न केला, तोवर पन्नास पावलं संपली.

मग प्रश्न आला, मागं कोण बसणार. मी सरळ मागच्या सीटकडे गेले.

“नई, मॅडम आगे.”

“कामून?” मी विचारलं.

“पीछेवाले कू होडी सँभालना पडता. किदर मुडना, किदर रुकना, सब पीछे से.” मग माझ्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाले, “आप तो घर में वोइच करते होंगे दिनभर. थोडा आगे बैठ के पानी देखो.”

परक्या माणसानं इतक्या पटकन आपलं घर ओळखावं, हे मला आवडलं नाही.

खुलताबादकडे जाताना डावीकडे आत एक पाझर तलाव आहे. शकीलभाईंच्या छोट्या टेम्पोत घालून होडी तिथं नेली. लाइफ जॅकेट घालून आम्ही दोघं संत्र्याच्या गोण्यांसारखे दिसत होतो. पाणी इतकं शांत होतं की त्यात वल्हं घालायला संकोच वाटला. पहिल्यांदा होडी जागच्या जागी गोल फिरली, आणि मागून एक आवाज आला. हे हसत होते. मी बघायला वळले तर होडी कलली. काठावरून शकीलभाई ओरडले, “मुडना नक्को! सामने देखो!” म्हणून ते हसू मला बघता आलं नाही, नुसतं पाठीवर ऐकलं. आजही त्या हिवाळ्याचं म्हणून मला काय आठवतं, तर हे. समोर पाणी, आणि पाठीमागं न दिसणारं हसू.

होडी घरी आली. आमच्याकडे कार कधीच नव्हती, म्हणून पोर्च रिकामाच होता. दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच टेकूंवर, ती ठेवली. शकीलभाईंनी जाताना बजावलं, पालथी ठेवा, उन्हात ठेवू नका, आत वजन ठेवू नका. हे सकाळी उठून आधी तिच्याकडे जायला लागले. ओल्या फडक्यानं पुसायचे. दोऱ्या आणल्या, गाठी शिकले. गुलमंडीवरून दोन टोप्या आणल्या, एक माझ्यासाठी. खुर्ची रिकामी राहायला लागली आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला चहा गोड लागायला लागला. येत्या रविवारी तलावावर जायचं ठरलं. तेवढ्यात वैजापूरला ह्यांचे मेहुणे वारले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत चार-पाच दिवस बहिणीजवळ राहायला हे गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी होडी सुलटी केली होती आणि सीटच्या लाकडांना वॉर्निश लावून ती तशीच वाळत ठेवली होती.

आता जे सांगायचंय ते आमच्या शहराबाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही.

त्या आठवड्यात नळाला पाणी आलंच नाही. कुठंतरी पाइप फुटला होता. आठ दिवसांचे अकरा झाले, अकराचे तेरा. मी भांडी राखेनं घासली, कपडे तसेच ठेवले, शाळेत जाताना बाटली भरायच्या ऐवजी शाळेतून भरून आणली. रविवारी दुपारी मी घटक चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि एकदम गल्लीत आरडाओरड झाली. पाणी आलं. मग मी पळत सुटले. गच्चीवरची टाकी भरली, ड्रम भरले, बादल्या, घागरी, कुकर, पिठाचा डबासुद्धा रिकामा करून भरला. आणि नळ अजून धो धो चाललेला. धार अशी की डोळ्यांत पाणी यावं. आता तो बंद करायचा? आमच्या शहरात वाहता नळ आपल्या हातानं बंद करणारं माणूस अजून जन्माला यायचंय. मी इकडं तिकडं बघितलं, आणि पाइप होडीत सोडला.

विचार केला नाही, असं म्हणणंही खोटं ठरेल. विचार आला होता, पण मी दमले होते, आणि दमलेल्या माणसाला वाहतं पाणी दिसतं, त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. शेजारच्या जाधवकाकू बादली घेऊन आल्या आणि कौतुकानं बघत राहिल्या. “मॅडम, ही आडवी टाकी लई झ्याक हाय बगा. वाकायचं काम नाय.” त्यांनी दोन बादल्या नेल्या. पलीकडच्या दोन घरांनीही नेल्या. सांगायला लाज वाटते, पण पुढचे तीन दिवस मी त्या होडीवर फार खूश होते. कपडे धुतले, फरशी पुसली, तुळशीपासून जास्वंदीपर्यंत सगळ्यांना पोटभर घातलं.

बुधवारी तळाशी तांब्याभर पाणी उरलं तेव्हा मला खाली जमिनीवर ओल दिसली. वाकून बघितलं. दोन घोड्यांच्या बरोबर मध्ये, तळाला आडवी, केसाएवढी रेघ. बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. मी तिथंच फरशीवर बसले. मग उठले, होडी कोरडी केली, आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. चादर टाकताना मला कळत होतं मी काय करतेय.

हे दुसऱ्या दिवशी आले ते कांद्याची पिशवी आणि तरतरीत चेहरा घेऊन. मेहुण्याच्या दुःखातसुद्धा त्यांच्या चालण्यात जीव होता. म्हणाले, “रविवारी जाऊ गं.” मी म्हटलं, पेपर तपासायचेत. पुढच्या रविवारी माझी मान धरली. त्याच्या पुढच्या रविवारी शाळेतल्या बाईंच्या मुलाचं लग्न, मग स्नेहसंमेलन, मग प्रात्यक्षिकं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं फार सविस्तर असतं. मान कुठल्या बाजूनं धरली, लग्नात कुठली भाजी होती, सगळं मी न विचारता सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “बरं.” मग ‘बरं’चं ‘हं’ झालं. आणि जानेवारीत एका सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे पुन्हा खुर्चीत.

तीस वर्षं मी पोरांना सांगत आले, चूक झाली तर येऊन सांगा, कुणी खाणार नाही तुम्हाला. आणि स्वतः एक वाक्य बोलू शकले नाही. भांडणाची भीती नव्हती. हे भांडले असते तर मी पेढे वाटले असते. भीती त्या ‘राहू दे’ची होती. एवढा कष्टानं उठलेला माणूस ते दोन शब्द म्हणेल आणि पुन्हा उठायचा नाही, असं मला वाटत होतं. म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसूनच त्यांना तिथं परत बसवलं. बाहेर तो सुंदर हिवाळा चालला होता. पेरूंचा वास यायचा. शाळेच्या बसमधून जाताना लांबून तलाव दिसायचा आणि दर आठवड्याला त्याच्या कडेनं काळ्या गाळाची एक नवी पट्टी दिसायची. मी मान दुसरीकडं वळवायची.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली. एका सकाळी मी सुपरव्हिजनला निघाले होते. हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “शकीलभाईंना फोन करून बघतो. परत घेतात का ती.”

मी पर्स खाली ठेवली. “अहो, तिला तडा गेलाय. मी पाणी भरलं होतं तिच्यात. तुम्ही वैजापूरला होता तेव्हा.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “माहीत आहे.”

“कसं?”

“वैजापूरहून येऊन गल्लीत शिरलो तर जाधवकाकू म्हणाल्या, तुमच्या निळ्या टाकीनं लई वाचवलं आमाला. रात्री चादर काढून बघितली मी.”

तीन महिने. तीन महिने हा माणूस माझ्या मानेची दुखणी आणि लग्नातल्या भाज्या ऐकत होता. मला संताप आला, स्वतःचाही आणि त्यांचाही. “मग बोलला कामून नाही?”

“तू सांगशील म्हटलं.” मग खुर्चीचा हात चाचपत म्हणाले, “आणि तू लई दमलेली दिसत होतीस. त्यात आणखी हे कशाला.” आणि पुढं म्हणाले, “मी असतो तर मीबी भरली असती. तेराव्या दिवशी पाणी आल्यावर काय करणार माणूस?”

मला रडू फुटलं. पर्स उचलून मी तशीच परीक्षेला गेले आणि तीन तास पोरांच्या रांगांमधून फिरत राहिले. सगळी डोकी खाली. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, ते बरं झालं.

शेडमध्ये शकीलभाईंनी होडी पालथी केली, रेघ बघितली आणि चष्मा वर सरकवला. “पानी भरे थे?”

मी मान हलवली.

“शरम नक्को करो, मॅडम. इस शहर में जित्त्या होड्या बेचा, सब में लोगां एक बार पानी भरे. वो एक डागदर साब है, उनो बी भरे. होडी उनकी चलती अभी तक.” त्यांनी आतून आणि बाहेरून फायबरच्या मॅटचे थर लावले, घासले, निळा रंग चढवला. रेघ कुठं होती ते आता मलाच शोधावं लागतं. पण तोवर एप्रिल उजाडला होता. तलावात मधोमध एक डबकं उरलं होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. पुढच्या वर्षी पावसानं हात आखडता घेतला, तलाव अर्धाही भरला नाही. तो हिवाळा गेला तो गेलाच. होडी दुरुस्त करणारा माणूस सापडतो, हिवाळा दुरुस्त करणारा कुठं शेड टाकून बसलेला नाही.

आणि त्या वर्ष-दीड वर्षात हे एकदम बदलले वगैरे नाहीत. खुर्ची आहे, ‘राहू दे’ आहे. मीही तीच आहे. फक्त पाणी आलं की हे उठून पाइप धरतात, आणि मी आता सविस्तर बोलायला लागले की माझ्याकडे रोखून बघतात.

गेल्या रविवारी आम्ही तलावावर गेलो. यंदा तो सांडव्यापर्यंत भरलाय. मी पुढं, हे मागं. ऊन कोवळं होतं, लांब कुणाच्यातरी शेतात मोटर चालू होती. मध्यापर्यंत गेल्यावर माझे दंड भरून आले आणि मी वल्हं आडवं ठेवलं.

“दमलीस?” मागून आवाज आला.

“नाही,” मी सवयीनं म्हटलं. मग समोर पाण्याकडे बघत म्हटलं, “हो. लई दमलेय हो मी.” किती वर्षांचं दमणं त्यात होतं ते मलाही मोजता आलं नसतं.

“मग झोप की.”

मी सीटवरून खाली सरकले, पिशवी डोक्याखाली घेतली, टोपी तोंडावर ओढली. होडीच्या तळाखालून पाणी जाताना ऐकू येत होतं. पेपर, पाणी, परीक्षा, पेन्शनचे कागद, मुलीचा फोन, सगळं थोडा वेळ डोक्यात फिरलं, आणि मग नाही फिरलं.

जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टोपी सरकवून बघितलं. काठ अगदी जवळ होता, हात लांबवला असता तर बाभळीची फांदी हाताला लागली असती. आणि हे हळूहळू, आवाज न करता वल्हं मारत काठाकाठानं होडी फिरवत होते. शर्ट घामानं छातीला चिकटला होता.

“किती वेळ झाला?”

“झाला असंल दीड तास.”

“अहो, मग काठाला कामून नाही लावली?”

“लावली असती,” हे म्हणाले, “तर तू उठली असतीस.”